भरती किती होती?

शेवटचा भाग संपला तेव्हा एक वाजून गेला होता
आणि माहीमच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
पराठ्याचा तेलकट कागद उचलायला कुणी तयार नव्हतं.

गोष्ट अशी, की ती बाई
बांधाच्या लोखंडी चाकापाशी उभी असते.
चाक फिरवलं तर पाणी बोगद्यातून निघून जाईल,
खालची वस्ती वाचेल, चार हजार माणसं.
पण बोगद्यात तो पोरगा असतो.
तिचा नव्हे. वाटेत सापडलेला,
तिच्या भाकरीतली अर्धी खाणारा.
ती चाक फिरवत नाही.
आणि सकाळी त्याला सांगते,
"गंजलं होतं रे. फिरलंच नाही."

"खून आहे," ग्रेसी म्हणाली. "सरळ चार हजार खून."
"मुलगा तुझा असता तर?" इर्शादनं विचारलं.
"तो तिचाही नव्हता.
आणि त्या चार हजारांत कुणाकुणाची पोरं होतीच की,
फक्त त्यांना क्लोजअप मिळाला नाही."

यावर सगळे गप्प.
मग सगळे एकदम बोलायला लागले.

निनाद, माझा भाऊ, मूळ खेळ दोनदा संपवलेला:
"तुम्ही नुसतं बघितलंत. मी केलंय.
खेळात ती थांबत नाही, आपल्याला थांबावं लागतं.
बटण चमकत राहतं
आणि काहीही न दाबता बसून राहायचं,
नव्वद सेकंद.
पहिल्या वेळी मी दाबलं.
फुकट. खेळ पुन्हा तिथंच आणून सोडतो,
पोरगा पुन्हा बोगद्यात, पाणी पुन्हा तेवढंच.
तिच्याएवढे वाईट झाल्याशिवाय
शेवट मिळतच नाही."

"मग वाईट कोण? तू, की खेळ बनवणारा?"
"माझा अंगठा," तो म्हणाला. हसला नाही.

मी मात्र त्या गंजापाशी अडकले होते.
चार हजार मला मोजता येत नाहीत.
पण पोरगा तिचा तळवा उलटा करून बघतो,
त्यावर तांबूस डाग शोधतो,
आणि काही न बोलता सोडून देतो,
ते मला मोजता येतं.

तेवढ्यात बाबा पाणी प्यायला उठले.
पालिकेच्या पंपिंग स्टेशनवर एकतीस वर्षं काढलेला माणूस,
लुंगीत, चष्म्याशिवाय.
"भांडता कशाला?"
आम्ही चौघांनी चार तऱ्हांनी गोष्ट सांगितली.
त्यांनी तांब्या खाली ठेवला.
"भरती किती होती?"

"भरती?"

"समुद्राची. झडप उघडण्याआधी तेच बघतात.
बाहेर समुद्र चढलेला असला
तर उघडून पाणी जात नाही. येतं."

"समुद्र नाहीये त्यात, बाबा. नदी आहे."
"मग सोपं आहे," ते म्हणाले
आणि खुर्ची ओढून बसले,
सोपं नसल्यासारखे.

पडद्यावर नावं सरकत होती,
प्रकाश देणारे, केस विंचरणारे, पाणी खोटं बनवणारे.

"एका वर्षी मी झडप चार तास बंद ठेवली होती.
बंद ठेवायचीच होती, तक्त्यात तसंच होतं.
नाल्याच्या वरच्या अंगाला पाणी
खाटेच्या पाट्यांपर्यंत गेलं. रात्रभर फोन वाजला.
वहीत मी लिहिलं: अकरा ते तीन, बंद. खाली सही."

"बरोबर होतं ना पण?" इर्शादनं हलकेच विचारलं.
"नियमात होतं."
"काका, बरोबर होतं का?"

बाबांनी उत्तर देण्याआधी
फुलपात्र पालथं घातलं, मग सुलटं केलं.
"हिच्या आईनं पण हेच विचारलं होतं.
वरच्या अंगाला तिचं माहेर.
तिला मी म्हणालो, मोटर जळली होती."

कुणी टीव्ही बंद केला ते आठवत नाही.
निनाद आपला अंगठा बघत होता.
ग्रेसीनं शेवटी तो कागद उचलला, घडी घातली,
जणू परत वापरायचा आहे.
तिचं मत बदललं नव्हतं.
जिन्यात चप्पल घालताना ती पुन्हा म्हणालीच,
"खून आहे."
फक्त आवाज खाली आणून,
कारण वर स्वयंपाकघरातला दिवा अजून चालू होता.